वाचकांचे प्रश्न : जावा प्रकल्पासाठी बिल्ड टूल आणि एडिटर

प्रश्न : आम्ही तिघे मित्र दारव्हा तालुक्यातील एका जिनिंगसाठी जावामध्ये काटा-पावतीचे सॉफ्टवेअर तयार करीत आहोत. एक जण एक्लिप्स वापरतो, दुसरा इंटेलिजे आणि मी व्हीएस कोड. जार फाइली (तयार जावा लायब्ररींच्या फाइली) ‘लिब’ फोल्डरमध्ये ठेवून पेनड्राइव्हने एकमेकांना देतो. पण एकाकडे चालणारा प्रोग्राम दुसऱ्याकडे चालत नाही. मेव्हन घ्यावे की ग्रेडल? गावात नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच मिळते, तेवढ्यावर भागेल का? तिघांनी एकच एडिटर वापरावा का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : एडिटर एकच असण्याची गरज नाही. आपली अडचण एडिटर वेगवेगळे असल्याची नसून प्रकल्पाची माहिती त्या-त्या एडिटरच्या सेटिंगमध्ये अडकून पडल्याची आहे. एक्लिप्समध्ये ‘बिल्ड पाथ’ला जोडलेली जार ‘.क्लासपाथ’ या फाइलीत नोंदली जाते, इंटेलिजे आपल्या नोंदी बहुधा ‘.आयडिया’ फोल्डरमध्ये ठेवतो, आणि एकाने केलेला बदल दुसऱ्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. म्हणून कोणती लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड), तिची कोणती आवृत्ती आणि जावा कोणते, हे सर्व बिल्ड टूलच्या, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधणाऱ्या मेव्हन किंवा ग्रेडलसारख्या साधनाच्या, फाइलीत लिहावे आणि तिन्ही एडिटरांनी ते तिथूनच वाचावे.

आपल्या कामासाठी मी मेव्हन सुचवीन. जुने अँट २००० साली आले. ते कामांचा क्रम नीट चालवते, पण लायब्ररी स्वतः आणून देत नाही. २००४ साली मेव्हनची १.० आवृत्ती आली आणि फोल्डरांची ठरलेली मांडणी व लायब्ररींचे मध्यवर्ती भांडार या दोन गोष्टी जावाच्या जगात रुळल्या. ग्रेडल त्यानंतरचे, अनेक उपप्रकल्प असलेल्या मोठ्या कामात, जेवढे बदलले तेवढेच पुन्हा बांधण्याची त्याची क्षमता फार उपयोगी पडते. मात्र त्याची बिल्ड फाइल म्हणजे ग्रूव्ही किंवा कोटलिनमधला प्रोग्रामच असतो, आणि त्याचा डेमन (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) काम संपल्यावरही काही तास मेमरीत राहतो. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एडिटरही उघडा असेल, तर हे जाणवते. तिघांच्या एका प्रकल्पाला मेव्हनची साधी, कुणालाही वाचता येणारी ‘पोम.एक्सएमएल’ ही बिल्ड फाइल पुरेशी आहे.

नेटचा प्रश्न वाटतो तेवढा बिकट नाही. मेव्हन प्रत्येक लायब्ररी एकदाच उतरवून घेते आणि आपल्या यूजर फोल्डरमधील ‘.एमटू’ या फोल्डरच्या आत साठवते. तालुक्याच्या ठिकाणी चांगले नेट मिळेल तेव्हा ‘एमव्हीएन डिपेंडन्सी:गो-ऑफलाइन’ ही आज्ञा द्यावी. पण तेवढ्यावर थांबू नये. चाचण्या चालविणारे काही भाग प्रत्यक्ष चाचणीच्या वेळीच मागविले जातात आणि या आज्ञेतून सुटू शकतात, म्हणून नेट असतानाच ‘एमव्हीएन क्लीन व्हेरिफाय’ एकदा पूर्ण होऊ द्यावे. मग गावात ‘-ओ’ हा पर्याय जोडला की मेव्हन नेटकडे वळतच नाही. एका संगणकावरील हे भांडार पेनड्राइव्हने उरलेल्या दोघांनाही देता येते. पेनड्राइव्हचा खरा उपयोग इथे आहे, सुट्या जार वाटण्यात नाही. वजनकाट्याच्या सिरियल पोर्टवरून वजन वाचण्यासाठी जेसिरियलकॉम ही लायब्ररी मध्यवर्ती भांडारात उपलब्ध आहे. काटा बसविणाऱ्याने स्वतंत्र जार दिली असेल, तर ती ‘इन्स्टॉल:इन्स्टॉल-फाइल’ या आज्ञेने प्रत्येकाच्या स्थानिक भांडारात घालावी.

पोममध्ये दोन ओळी पहिल्याच दिवशी लिहाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पहिली, ‘मेव्हन.कंपायलर.रिलीज’ १७. मग एखाद्याकडे जावा २१ असले, तरी तयार होणारा प्रोग्राम जिनिंगच्या संगणकावरील जावा १७ वर चालेल. दुसरी, सोर्स एन्कोडिंग (कोडमधली अक्षरे फाइलीत साठविण्याची पद्धत) यूटीएफ-८. जावा १८ पूर्वी हे न सांगितल्यास विंडोज आपले स्वतःचे एन्कोडिंग लावत असे, आणि कोडमध्ये लिहिलेला ‘कास्तकाराचे नाव’ हा मथळा पावतीवर नुसत्या चिन्हांचा गोंधळ होऊन उमटे. ही ओळ केवळ सोर्स फाइलींपुरती आहे; प्रोग्राम चालताना ज्या फाइली वाचतो किंवा लिहितो, त्यांचे एन्कोडिंग कोडमध्येही स्पष्ट सांगावे.

आता एडिटर. एक्लिप्समध्ये ‘एक्झिस्टिंग मेव्हन प्रोजेक्ट्स’ म्हणून इम्पोर्ट करावे आणि पोम बदलल्यावर ‘अपडेट प्रोजेक्ट’ करावे. इंटेलिजेमध्ये पोम थेट प्रोजेक्ट म्हणून उघडते. व्हीएस कोडला जावाचा एक्स्टेंशन पॅक लागतो. यापुढे एडिटरच्या मेनूतून जार जोडायची नाही, हा नियम तिघांनीही कसोशीने पाळावा. ‘.क्लासपाथ’, ‘.प्रोजेक्ट’, ‘.आयडिया’ आणि ‘टार्गेट’ यांची नावे गिटइग्नोअरमध्ये (गिटने कोणत्या फाइली वगळाव्यात ते सांगणाऱ्या फाइलीत) घालावीत. आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही : एक्लिप्स आणि व्हीएस कोड दोन्ही एक्लिप्सचाच कंपायलर (कोडचे जावाला चालविता येईल अशा रूपात भाषांतर करणारा प्रोग्राम) वापरतात, तर मेव्हन आणि इंटेलिजे सहसा जावाचा स्वतःचा कंपायलर ‘जावासी’ वापरतात. क्वचित एकाला चालणारी ओळ दुसरा नाकारतो, म्हणून जिनिंगला द्यायची जार नेहमी कमांड लाइनवरील मेव्हननेच बांधावी.

प्रश्न : मी जावा शिकत असून पुढे अँड्रॉइड ॲप करायचे आहे. मीही मेव्हनच शिकू का?
— एक विद्यार्थिनी, चामोर्शी, जि. गडचिरोली

उत्तर : आपण थेट ग्रेडलकडे जावे, अँड्रॉइड स्टुडिओची बिल्ड व्यवस्था ग्रेडलवरच उभी आहे. पहिल्या वेळी ग्रेडल, त्याचे प्लगइन आणि एसडीके (ॲप बनविण्याचा साधनसंच) मिळून बराच डेटा लागतो, तेव्हा ती पहिली बिल्ड कॉलेजच्या नेटवर करून घ्यावी. नंतर अँड्रॉइड स्टुडिओत ग्रेडलचा ऑफलाइन मोड सुरू ठेवावा आणि नवी लायब्ररी जोडायची असेल तेव्हाच तो बंद करावा.