वॉर्डवरचा पहिला दिवस: पुण्यात असतानाच करायची तयारी

तू विचारलंस, "ताई, ऑक्टोबरपासून जर्मनीत माझं नर्सिंगचं आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायचं प्रशिक्षण, सुरू होतंय. भाषेचं होईल काहीतरी, पण हॉस्पिटलमधल्या पहिल्या दिवसाची फार धास्ती वाटते. अजून सात महिने हातात आहेत. इथे पुण्यात बसून काय तयारी करू?"

व्हिसा आणि जर्मन भाषेच्या बी-टू पातळीच्या परीक्षेबद्दल सांगणारी माणसं तुला पुण्यात भरपूर भेटतील, म्हणून मी फक्त त्या एका दिवसाबद्दल लिहिते. मी बिबवेवाडीची. बारावी सायन्स करून इथे जर्मनीत आले, तीन वर्षं शिकले, आणि आता नव्या मुलामुलींना वॉर्ड दाखवायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे येतं.

आधी एक गोष्ट पक्की धर. पहिल्या दिवशी तुझ्या हातात इंजेक्शन येणार नाही, कोमट पाण्याचं भांडं येईल. माझे आजोबा पुण्यात ॲडमिट होते तेव्हा त्यांचं अंग आत्या पुसायची, बेडपॅन द्यायला मावशी यायच्या, आणि सिस्टर सलाइन, गोळ्या, चार्ट बघायच्या. मीही तेच डोळ्यांसमोर ठेवून इथे आले होते. इथे पेशंटजवळ रात्रंदिवस बसलेली आत्या नसते आणि वॉर्डात मावशीही नसतात. अंग पुसणं, कवळी धुणं, भरवणं, संडासला नेणं, डायपर बदलणं ही नर्सची कामं आहेत. आपल्याकडून आलेल्या काही मुली पहिल्याच आठवड्यात घरी फोन करून रडतात, की आम्हाला मावशींचं काम देतात. तू असं वाटून घेऊ नकोस. अंग पुसतानाच पेशंट खऱ्या अर्थाने दिसतो. टाचेवर लाल डाग दिसला की त्यावर बोटाने दाबायचं. बोट उचलल्यावर जागा क्षणभर पांढरी पडली तर ठीक. लालच राहिली तर बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झालेली असते आणि तेव्हाच टाच अधांतरी ठेवायची सोय करावी लागते. हे चार्टमध्ये आपोआप येत नाही, पाय पुसणाऱ्याला दिसतं.

म्हणून माझा पहिला गृहपाठ असा. घरात आजी आहे असं तू लिहिलं आहेस. तिला विचार, आणि ती हो म्हणाली तर एका सकाळी तिचं तोंड, हात, पाठ, पाय पुसून दे. पाणी आधी तिच्या हाताला लावून विचार, गरम होतंय का. तोंडाला साबण हवा का तेही विचार, बहुतेकांना नको असतो. जेवढा भाग पुसतेस तेवढाच उघडा ठेव, बाकी अंगावर टॉवेल. पुसून झालं की लगेच कोरडं कर, विशेषतः बोटांच्या बेचक्यात. आणि प्रत्येक वेळी हात लावण्याआधी सांग, "आता पाठ पुसते हं." मग उलटं कर. डोळे मिटून पलंगावर पड आणि बहिणीला तुझं तोंड पुसायला सांग. न सांगता अंगावर आलेला ओला फडका कसा वाटतो ते एकदा कळलं की पुढे शिकवावं लागत नाही.

एक मात्र घरच्यासारखं करू नकोस. आपण कुणालाही आजी, काका, मावशी म्हणतो आणि त्यात माया असते. इथे पेशंटला 'ओमा', म्हणजे आजी, म्हणणं अपमानाचं. फ्राऊ (श्रीमती) किंवा हेर (श्रीयुत) आणि आडनाव, आणि कायम 'झी', म्हणजे आपलं 'तुम्ही'.

आता भाषा. क्लासमध्ये 'न्यूष्टर्न' या शब्दाचा अर्थ मला 'दारू न प्यायलेला' असा शिकवला होता. पहिल्याच आठवड्यात एका सहकारी नर्सने भराभर सांगितलं, खिडकीजवळचा पेशंट न्यूष्टर्न आहे. मला वाक्य नीट कळलं नव्हतं, तरी मी मान डोलावून "या, या", म्हणजे हो, हो, म्हटलं आणि त्यांना नाश्ता दिला. वॉर्डात न्यूष्टर्न म्हणजे उपाशीपोटी. त्यांची तपासणी त्या दिवशी होऊ शकली नाही. ते गृहस्थ एक शब्द बोलले नाहीत, पण त्यांना पुन्हा एक दिवस उपाशी राहावं लागलं हे मी विसरलेले नाही. आपल्याला मोठ्यांसमोर "कळलं नाही" म्हणायला संकोच वाटतो आणि मान आपोआप हलते. ती सवय पुण्यातच मोड. "दास हाबे इश निष्ट फरश्टांडन", मला हे समजलं नाही, हे वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव कर. ऐकलेली सूचना आपल्या शब्दांत परत म्हणून दाखव. यासाठी इथे कुणी रागवत नाही.

काही बारकावे आधीच माहीत असू देत. आपल्या नर्सिंगच्या पुस्तकांत आरआर म्हणजे श्वासाचा वेग. इथे तक्त्यावर आरआर म्हणजे ब्लडप्रेशर, रीवा-रोची या इटालियन डॉक्टरच्या नावावरून. ताप सेल्सियसमध्ये, आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम; आपल्या घरचा 'शंभर ताप' म्हणजे ३७,८. आकडे मात्र तुला सोपे जातील. पस्तीस म्हणताना आपण पाच आधी म्हणतो, जर्मनही तसंच म्हणतात. घड्याळ सांभाळ: 'हाल्ब झीबन' म्हणजे साडेसहा, साडेसात नव्हे. आपल्या 'अडीच'मध्ये मुळात तिसऱ्यातला अर्धा असतो, तसाच हा सातव्यातला अर्धा. सकाळपाळी सहाच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे या गोंधळात पूर्ण तास जातो.

लशीचं आजच बघ. गोवराच्या लशीचे दोन डोस झाल्याचा पुरावा मार्च २०२० पासून इथे कायद्याने लागतो. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड शोध, मराठीत असेल तर भाषांतर करून घे. हेपेटायटिस बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात. या आठवड्यात पहिला घेतलास तर ऑक्टोबरच्या आत पूर्ण होतील.

बूट तिकडे घेऊ नकोस. पुढून आणि टाचेला बंद, न घसरणारे लागतात, ते इथे मिळतात. युनिफॉर्म हॉस्पिटल देतं आणि धुतंही. नखं कापलेली, नेलपॉलिश नाही. कोपरापासून खाली अंगठी, घड्याळ, बांगडी काही चालत नाही. निघताना आई दगडूशेठला नेऊन मनगटाला दोरा बांधेल, तर तो पर्समध्ये ठेवायचा हे तिला आत्ताच सांग, म्हणजे तिला वाईट वाटणार नाही. हाताला जंतुनाशक चोळायचं ते पूर्ण ३० सेकंद. अंगठा आणि बोटांची टोकं सगळ्यांचीच राहून जातात.

त्या सकाळी पंधरा मिनिटं आधी पोच, स्वतःचं नाव सांग, आणि रात्रपाळी कामं सोपवते तेव्हा खिशातल्या वहीत फक्त न कळलेले शब्द लिही. पेशंटची नावं लिहून वही घरी न्यायची नाही, वॉर्डातला फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा नाही, गोपनीयतेचा कायदा कडक आहे. तुझा प्राक्सिसआनलाइटर, म्हणजे शिकवणारी अनुभवी नर्स, कोण हे लगेच विचार. तीन वर्षांत किमान २,५०० तास प्रत्यक्ष काम असतं आणि त्यातल्या निदान दहा टक्के वेळात त्यांनी शेजारी उभं राहून शिकवलं पाहिजे, असा नियम आहे. तो तुझा हक्क आहे, मागायला लाजू नकोस.

आजीला पुसून दिलंस की तिला विचार, कुठे अवघडल्यासारखं झालं. ती काय म्हणाली ते मला कळव.