व्हिएतनामच्या किनाऱ्याने मंडळीची यात्रा: आधी परवानगी, मग गाडी

प्रश्न : आमच्या मंडळीतले १४ जण मार्चमध्ये ह्यू ते हो ची मिन्ह शहर असा प्रवास गाडीने करणार आहोत. वाटेतल्या चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश, तरुण संघाची गीते आणि गावांत सुवार्तेची पत्रके वाटणे असा बेत आहे. टुरिस्ट ई-व्हिसावर हे चालेल का? (नागाळा पार्क, कोल्हापूर)

प्रवास चालेल, पत्रके चालणार नाहीत आणि उपदेशाला परवानगी लागेल.

ई-व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो. एकदाच प्रवेश असेल तर शुल्क २५ डॉलर. रविवारी तिथल्या उपासनेला बसा, त्यांच्यासोबत गा, स्वतःचे पवित्र शास्त्र जवळ ठेवा, यात कसलीच अडचण नाही. परदेशी माणसाने मंडळीसमोर उपदेश करायचा म्हटले की १ जानेवारी २०१८ पासून लागू असलेला धर्मविषयक कायदा आड येतो. अर्ज तुम्ही नाही, बोलावणाऱ्या चर्चने करायचा असतो, आणि ते चर्च सरकारदरबारी मान्यताप्राप्त हवे. उपदेशक कोण, विषय काय, कुठे, केव्हा, हे सगळे त्यात लिहावे लागते. म्हणून पाळकसाहेबांच्या पासपोर्टची प्रत आणि उपदेशाचा मथळा तीन महिने आधीच यजमानांकडे पाठवा.

यात एक नवी गोम आहे. १ जुलै २०२५ पासून तिथले ६३ प्रांत एकत्र करून ३४ केले आणि जिल्हा ही पायरीच काढून टाकली. होई आन आता दा नांगमध्ये आहे, क्वी न्योन झा लाय प्रांतात, फान थियेत लाम दोंगमध्ये. जुन्या प्रांताच्या नावाने काढलेला अर्ज चुकीच्या टेबलावर जाऊन पडतो. यजमानांकडून नवा पत्ता लेखी मागून घ्या.

पत्रके कोल्हापुरातच ठेवा, हे आम्ही आग्रहाने सांगतो. काही झाले तर तुम्ही विमानात बसून परत याल. चौकशीला तोंड द्यावे लागेल ते तिथल्या पाळकांना. ज्यांच्या सेवाकार्याला हातभार लावायला निघालो, त्यांच्याच डोक्याला ताप होऊ नये. उपदेशाची परवानगी आली नाही, तरी उपासनेला बसण्यासाठी अवश्य जा.

व्हिसाच्या अर्जात नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर हवे. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे येते. कुणाच्या पासपोर्टवर ते असते, कुणाच्या नसते, आणि काहींच्या आडनावाचा रकानाच कोरा असतो. नाव जुळले नाही, तर मुंबईच्या विमानतळावरच अडवतात. १४ अर्ज एकाच माणसाने भरावेत आणि दुसऱ्याने पासपोर्ट हातात घेऊन तपासावेत.

प्रश्न : १४ जणांना १६ सीटची गाडी पुरेल ना? रोज किती अंतर धरावे? (गडहिंग्लज)

माणसे बसतील, बॅगा बसणार नाहीत. १६ सीटरला मागे डिकी जवळपास नसतेच. बॅगा मधल्या वाटेत रचल्या की ज्येष्ठांना चढता-उतरता येत नाही. २९ सीटर घ्या, चालकासह. वाहतूक उजव्या बाजूने चालते. स्वतः गाडी चालवण्याच्या फंदात पडू नका.

ह्यू ते दा नांग साधारण १०० किलोमीटर. मध्ये हाय व्हान घाट लागतो, जवळपास ५०० मीटर उंचीचा. चालकाला आधी सांगितले नाही, तर तो २००५ साली खुल्या झालेल्या सहा किलोमीटरच्या बोगद्यातून नेईल आणि समुद्र दिसणारच नाही. घाटातून जायचे हे करारातच लिहा. दा नांगला एक मुक्काम जादा ठेवा: १९११ मध्ये प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी कामाची सुरुवात इथूनच केली.

दा नांग ते क्वी न्योन सुमारे ३०० किलोमीटर, सगळ्यांत लांब टप्पा. पुढे न्या त्रांगपर्यंत सव्वादोनशेच्या आसपास. या टप्प्यात मांग लांगचे जुने कॅथलिक चर्च चुकवू नका; १६५१ साली रोममध्ये छापलेले, व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत आणणारे धर्मशिक्षणाचे पुस्तक तिथे जपून ठेवले आहे. त्यानंतर फान थियेत आणि हो ची मिन्ह शहर. नवा द्रुतगती मार्ग बराचसा आतल्या बाजूने जातो. वेळ वाचतो, किनारा हुकतो. उपदेश किंवा उपासना असेल त्या दिवशी द्रुतगती मार्ग, एरवी जुना रस्ता, असे ठरवा.

चालकाला सलग ४ तासांहून जास्त आणि दिवसाला १० तासांहून जास्त गाडी चालवता येत नाही, हा तिथला कायदा आहे. संध्याकाळच्या प्रार्थनासभेला त्यालाच थांबवून रात्री पुढे निघायचे, असे बेत इथेच फसतात.

प्रश्न : खर्च वाचवायला चर्चच्या हॉलमध्ये किंवा विश्वासणाऱ्यांच्या घरी मुक्काम करता येईल का? (कदमवाडी, कोल्हापूर)

परदेशी पाहुण्याची मुक्कामाची नोंद पोलिसांकडे करणे घरमालकावर बंधनकारक आहे. हॉटेल ती आपोआप करते. घरी राहिलात, तर त्या कुटुंबाला करावी लागते. राहून गेली तर दंड त्यांना. हॉटेलातच राहा, जेवायला त्यांच्या घरी जा.

प्रश्न : ऑक्टोबरची सुट्टी सोयीची पडते. तेव्हा गेलो तर? (जयसिंगपूर)

नको. आपला पाऊस ओसरतो, तेव्हा ह्यू-दा नांगचा ऐन भरात येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर, वादळे आणि घाटात दरडी. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल बरा. मात्र तेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, आठवड्यात निघू नका, गाडी मिळत नाही आणि दुकाने बंद असतात.

प्रश्न : आमच्यात चौघे शाकाहारी आहेत. (इचलकरंजी)

‘चाय’ लिहिलेली खानावळ शोधा, ती पूर्ण शाकाहारी असते. इतरत्र नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण मासे आंबवून केलेला खारट सॉस, नुओक माम, भाजीतही पडतो. लांबच्या टप्प्यांसाठी मेतकूट, चटणी, भडंग बरोबर असू द्या. खानावळीत पैसे देताना नोट नीट पाहा: २० हजार आणि ५ लाख डोंग या दोन्ही नोटा निळसर असतात.