कथकच्या क्लासला एवढी फी का द्यायची?

तुम्ही विचारलंय की मुलीच्या कथकच्या बाई आठवड्यातून दोनदा तासभर शिकवतात, मग गणिताच्या ट्यूशनइतकी फी कशासाठी? शेवटी हा छंदच ना? मी स्वतः कथक शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या मुलीसाठी तो छंद असेल, त्यात वावगं काहीच नाही. पण बाईंसाठी तो व्यवसाय आहे आणि त्याची तयारी बारा-पंधरा वर्षं सहज चालते. महाराष्ट्रात बरेच जण अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद यांच्या प्रत्येकी दोन, अशा 7 परीक्षा झाल्या की 'विशारद'. त्यापुढे अलंकार. वरच्या परीक्षांना लेखी पेपरही असतात. शिवाय पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्यात एम.ए. करता येतं.

आता त्या एका तासाबद्दल. पंधरा मुली एकदम तत्कार, म्हणजे तालात पायांचं काम, करत असतात. त्यात कोणाचा पाय अर्धाच पडतोय, कोण गुडघा ताठ धरतंय, हे बाई आवाजावरूनही ओळखतात. फरशीवर जोरात पाय आपटणाऱ्या मुलीचं घरी कौतुक होतं, पण तशीच सवय राहिली तर पुढे गुडघे दुखायला लागतात. ते वेळेत थांबवणं बाईंचं काम. घुंगरू कधी बांधायचे, किती आणि कधी वाढवायचे, हेही त्या मुलीचे पाय बघूनच ठरतं. पढंतीचं, म्हणजे नाचाचे बोल ताल धरून तोंडाने म्हणण्याचं, तर विचारूच नका! हाताने तीनतालाच्या 16 मात्रा, तोंडाने बोल, आणि तिहाई (तीनदा म्हणायचा बोलांचा तुकडा) बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायला हवी. मुलगी चुकली, तर टाळी मागे पडली की बोल पुढे पळाले, हे त्याच क्षणी कळावं लागतं.

अर्थात सर्टिफिकेट असलं की शिकवता येतंच असं नाही. परीक्षेत मुख्यतः तुमचं स्वतःचं नृत्य बघतात. शिकवणं येतं ते गुरूंच्या हाताखाली, लहानांच्या बॅचेस घेऊन. कथकच्या गुरू रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये पुण्यात नृत्यभारती ही संस्था सुरू केली, आणि त्यांच्या शिष्यांनी पुढे स्वतःचे शिष्य घडवले. ही साखळी मला कुठल्याही कागदाइतकीच मोलाची वाटते.

नृत्याच्या क्लासची पाटी लावायला आपल्याकडे पात्रता लागत नाही, म्हणून तुम्ही जरूर विचारा: गुरू कोण, परीक्षा कुठवर झाल्या, पढंत करून घेता का? चांगल्या शिक्षिकेला या प्रश्नांचा राग येत नाही. राग येतो तो "गॅदरिंगचा एक डान्स बसवून द्या ना, पाच मिनिटांचं तर काम" याचा. त्या पाच मिनिटांमागे कित्येक संध्याकाळी जातात. त्याचे पैसे वेगळे विचारा आणि द्या.

आणि मे महिन्यात गावाला गेलात तरी त्या महिन्याची फी कापू नका. हॉलचं भाडं बाईंना तेव्हाही भरावंच लागतं.