पुस्तकात मरून परतलेली कॅटलिन मालिकेत का नाही?

प्रश्न : ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे खंड वाचूनच मी मालिका पाहिली. शेवटावरून धाकट्या भावाशी आजही वाद होतो. चाहत्यांचा एवढा संताप रास्त होता का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : संताप समजण्यासारखा आहे, त्याचा रोख मात्र तपासायला हवा. मूळ कादंबऱ्यांचे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचा पहिला खंड १९९६ साली आला आणि पाचवा २०११ साली, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षी. सहावा खंड हाती नसल्यामुळे पटकथाकारांना पुढची वाट लेखकाने तोंडी सांगितलेल्या ढोबळ टप्प्यांवरूनच काढावी लागली. शेवटचे पर्व अवघ्या सहा भागांत उरकले आणि सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या डेनेरिसचे राजधानीचे शहर जाळणे अनेकांना अचानक वाटले. ते पर्व पुन्हा करा, या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या (हा हट्ट मला बालिश वाटतो).

वाचकांचे दुखणे त्याहून जुने आहे. तिसऱ्या खंडाच्या अखेरीस गळा चिरून मारलेली कॅटलिन (स्टार्क कुटुंबातली आई) जिवंत होऊन परतते, तिला बोलताना गळ्यावरची जखम हाताने दाबून धरावी लागते, आणि तिचे हे मरणानंतरचे रूप मालिकेने पूर्णच गाळले. आपल्या भावाने पुस्तके वाचली नसतील, तर त्याला एवढा उपसंहार तरी वाचायला द्यावा.