वीज गेली की नेट का जातं, आणि इन्व्हर्टर घेण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याजवळच्या गावी घरून काम, दिवसातून दोन-तीनदा वीज जाते, लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो पण वायफाय मान टाकतं. दुकानदार १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरीचा इन्व्हर्टर गळ्यात मारायला बघतोय. घ्यावा का?

जरा थांबा. आधी नेट नेमकं कुठे तुटतं ते बघू. माझा धंदाच हा आहे. कंपन्या विचारतात "कोणतं मशीन घेऊ?" आणि मी उलट विचारतो "बिघडलंय काय?" त्याचे ते पैसे देतात, तुम्हाला फुकट.

तुमच्याकडे थेट फायबर आलं असेल, म्हणजे पिवळी किंवा काळी बारीक वायर भिंतीतून नेटवाल्याच्या पांढऱ्या डब्यात शिरत असेल, तर तुमचं नशीब चांगलं. एक्स्चेंजपासून, म्हणजे नेट कंपनीच्या केंद्रापासून, तुमच्या घरापर्यंत वाटेत विजेवर चालणारं काहीच नसतं. अंतर २० किलोमीटरपर्यंत असलं तरी चालतं. मध्ये जो स्प्लिटर असतो तो प्रकाशाचे ३२ किंवा ६४ फाटे करतो, पण स्वतः वीज खात नाही. तिकडे एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्या असतात. म्हणजे वीज गेली तरी प्रकाश तुमच्या दारापर्यंत येतच असतो, तो घेणारा डबाच तेवढा झोपलेला असतो.

पण गावात बऱ्याचदा केबलवाला फायबर कुणाच्या तरी गच्चीपर्यंतच आणतो. तिथे पत्र्याच्या पेटीत फायबरचा प्रकाश साध्या वायरीत उतरवणारा एक मीडिया कन्व्हर्टर, वायरी वाटणारा एक आठ पोर्टांचा स्विच, आणि पुढे साधी लॅन वायर घरोघरी. वीज गेली की ती पेटी आधी मरते. मग तुम्ही घरात कितीही मोठा इन्व्हर्टर लावा, नेट येणार नाही. पुण्यात आमच्या जुन्या सोसायटीत अशी पेटी लिफ्टच्या खोलीत होती. गुरुवार हा आमच्याकडे महावितरणच्या देखभालीचा वार, त्यामुळे दर गुरुवारी नेटचा उपवास ठरलेला. शेवटी चार बिऱ्हाडांनी वर्गणी काढून त्या पेटीतच छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेली की लगेच बॅटरीवर चालवणारा डबा, बसवला. केबलवाल्याने अडवलं नाही, उलट त्याचे फोन कमी झाले.

तुमचं कोणतं, ते ओळखायला सोपी युक्ती आहे. वीज गेली की पॉवर बँक आणि ५ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारी यूएसबी केबल (इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोन-तीनशेच्या आत मिळते) लावून डबा चालू करा. तीन-चार मिनिटं द्या. 'लॉस'चा (LOS, प्रकाश येत नसल्याचा) दिवा लाल पेटला नाही आणि 'पॉन'चा (PON, फायबर जोडलेलं असल्याचा) हिरवा स्थिर राहिला, तर काम घरातल्या घरात होईल. केबल घेण्याआधी डब्याच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्टच लिहिलंय ना, तेवढं मात्र बघा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात.

आता मिनी यूपीएस. दीड-दोन हजारांचा डबा, ॲडॉप्टर आणि राउटर यांच्या मध्ये बसतो. यात एक गंमत आहे, ती मी एक उघडून पाहिली तेव्हा कळली. खोक्यावर ठसठशीत ६००० एमएएच (हजार एमएएच म्हणजे एक एएच). आत १८६५०च्या तीन सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत निघतात त्याच. प्रत्येक २००० एमएएचची. तिन्ही एकापुढे एक जोडलेल्या. अशा जोडणीत व्होल्ट वाढतात, एमएएच वाढत नाहीत. पण खोकं छापणाऱ्याने सरळ बेरीज केली होती!

म्हणून वॅट-तासांत हिशेब करा. ३ सेल × ३.७ व्होल्ट × २ एएच, झाले सुमारे २२. त्यातले १५ टक्के वाटेत जातात असं धरा, उरले १९. माझ्या राउटरच्या ॲडॉप्टरवर १२ वॅट छापलेत, पण प्लगच्या मीटरवर खरा खप ८ निघाला. म्हणजे सव्वादोन तास. प्रत्यक्षात दोन तास पाच मिनिटं चालला. खोक्यावर विश्वास ठेवला असता तर मी नऊ तासांची आशा धरून बसलो असतो. तुमच्याकडे फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींचे वॅट मिळवा, आणि दोन आउटपुटवालाच यूपीएस घ्या.

आता माझी फजिती. हा यूपीएस लावल्यावर महिनाभर नेट मध्येच जायचं, वीज असतानासुद्धा. मी नेटवाल्यांना इतक्या तक्रारी केल्या की त्यांच्याकडे काम करणारा मुलगा दोनदा येऊन फायबरचं टोक बदलून गेला, बिचारा. तिसऱ्या वेळी त्यानेच पिन हलवून दाखवली आणि राउटर फटकन बंद झाला. गोल पिनचे दोन भाऊ असतात, बाहेरून दोघेही साडेपाच मिलिमीटर, आतलं भोक एकाचं २.१ आणि दुसऱ्याचं २.५. मोठ्या भोकाची पिन छोट्या खुंटीवर बसते, पण ढिली. पंख्याच्या वाऱ्यानेही हलते. दिवसा मी ग्राहकांना ९९.९ टक्के अपटाइमचे, म्हणजे यंत्रणा चालू राहण्याच्या हमीचे, कागद लिहून देतो, म्हणजे वर्षाला फक्त पावणेनऊ तास बंद. घरी तेवढे एका महिन्यात उडवले, दहा रुपयांच्या पिनपायी. त्या मुलाला चहा पाजला, दुसरं काय करणार.

इन्व्हर्टर वाईट नाही. घरात आई-बाबा असतील, उन्हाळ्यात पंखे लागत असतील तर घ्याच. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, कमी वीज खाणारा बीएलडीसी मोटरचा ३०च्या. त्यांच्यासाठी १५० एएच ठीक आहे. फक्त आठ वॅटच्या राउटरसाठी ते म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणायला ट्रॅक्टर. आणि घेतलात तर मागचं बटण बघा. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड' वेगळा असतो. तो नसेल तर वीज गेल्यावर क्षणभर खंड पडतो. पंख्याला कळत नाही, पण राउटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, तीन मिनिटं जातात आणि ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कशी असलेली सुरक्षित जोडणी, तुम्हाला बाहेर काढतं. कॉल चालू असताना हे झालं की मॅनेजरला समजावणं अवघड.

मिनी यूपीएस राउटरच्या डोक्यावर ठेवू नका. दोन्ही गरम होतात आणि लिथियमला उष्णता सोसत नाही. बाजूला, उघड्यावर.

तर पुढच्या वेळी वीज गेली की आधी तो पॉवर बँकचा प्रयोग करा. 'लॉस' लाल होतो की नाही, ॲडॉप्टरवर किती व्होल्ट किती अँपिअर छापलंय आणि डबे एक की दोन, एवढं इथे सांगा. मग कोणता घ्यायचा ते बोलू. दुकानदाराला तोवर "घरी विचारून सांगतो" म्हणा.