फड बंधाऱ्याची नोंद

प्रश्न : आमच्या गावी मोसम नदीवर जुना फड बंधारा आहे; त्याचे पाणी पाटाने फडांना, म्हणजे शेतांच्या पट्ट्यांना, पाळीपाळीने मिळते. गावानेच त्याची नोंद करायची, तर सुरुवात कुठून? (एक वाचक, बागलाण)

उत्तर : पाटापासून. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्या. पाट वाहता असताना पाटकरी (पाणी वाटणारा) आणि जागल्या (राखणदार) यांच्यासोबत बंधाऱ्यापासून शेवटच्या फडापर्यंत चाला. फडांची नावे, पाळीचा क्रम, सांडवे (जादा पाणी बाहेर सोडण्याच्या जागा) जागच्या जागी नकाशावर लिहा. घरी बसून आठवून लिहिलेला क्रम हमखास उलटासुलटा होतो.

खरा घोटाळा आकड्यांचा. ब्रिटिशकालीन कागदांत सर्व्हे नंबर, आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. जमीन एकत्रीकरणाच्या (तुकडे जोडून गट पाडले त्या वेळच्या) तक्त्यावरून ते जुळवा, नाहीतर भलतेच शेत नोंदले जाईल.

कोरीव दगड सापडल्यास तेल-चुना मुळीच लावू नका. तिरप्या उन्हात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा.