ऑफिसमध्ये बॉम्बच्या धमकीचा फोन आला किंवा बेवारस बॅग सापडली तर काय करायचं? दर वेळी इमारत रिकामी करावीच लागते का?

फोर्टमधल्या एका ऑफिसात मी 31 वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

12 मार्च 1993, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या तळघरात पहिला स्फोट झाला आणि आमची तावदानं थरारली. त्या दिवशी मुंबईत 257 माणसं गेली. दोन दिवसांनी नायगाव क्रॉस रोडला स्फोटकांनी भरलेली स्कूटर सापडली. मग अफवांना ऊत आला, आणि पुढच्या आठवड्यात माझ्या बोर्डावर फोन आला. "तुमच्याकडे बॉम्ब ठेवलाय. चारला फुटेल."

हातपाय गार पडले, पण फोन ठेवला नाही. कुठे ठेवलाय, कसा दिसतो, कशासाठी करताय, एकेक विचारत गेले आणि शॉर्टहँडच्या वहीत शब्दन् शब्द उतरवत गेले. मागे कपबश्यांचा खणखणाट होता, तोही लिहिला. माणूस उत्तरं देत होता. "छोट्या जिन्याखाली बघा," म्हणाला. छोटा जिना! हे नाव फक्त आमच्या स्टाफच्या तोंडी होतं. मी पुढचं विचारणार, तेवढ्यात ॲडमिनच्या साहेबांनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढला, "हिंमत असेल तर समोर ये" म्हणून ओरडले आणि आपटला.

मग सगळ्यांना खाली पिटाळलं. कुठे, तर मागच्या आवारात, लावलेल्या गाड्यांच्या मधोमध! आठवड्यापूर्वी शेअर बाजारात बॉम्ब गाडीतच होता. वर टेबलाटेबलाखाली आमच्या पिशव्या आणि डबे तसेच राहिले. पोलिसांना प्रत्येक पिशवी संशयितच. सहा वाजून गेले, काही सापडलं नाही. माझं पान मात्र हवालदारांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "छोटा जिना कोण म्हणतं?"

दुसऱ्या दिवशी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंनी फोन तेव्हाच ठेवला असता तर एवढा तमाशा झाला नसता." मी गप्प बसले. ते गप्प बसणं अजून सलतं.

आता तुमचं. इमारत दर वेळी रिकामी करायलाच हवी असं नाही. ते ऑफिसच्या जबाबदार माणसाने पोलिसांशी बोलून ठरवायचं, आणि धमकीत जागा, वेळ, आतली माहिती किती आहे यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून तर फोनवरचं बोलणं महत्त्वाचं. बाहेर काढलंच तर जिन्याने, आणि गाड्या व काचांपासून लांब. आगीत सामान सोडून पळायचं असतं, इथे हाताशी असलेली आपली पिशवी बरोबर न्यायची, म्हणजे मागे उरेल ती परकी. आपल्या टेबलाजवळ काय नवं आहे हे पोलिसांपेक्षा तुम्हाला लवकर कळतं, तेव्हा निघताना नजर फिरवा.

बेवारस बॅगेला हात लावायचा नाही, हलवायची नाही, पाण्यात टाकायची नाही. वॉचमनला "जरा बाहेर नेऊन ठेव" सांगणाऱ्या साहेबांचा मला संताप येतो. त्याच्या घरीही माणसं आहेत. आधी लांब व्हा, मग मोबाईल काढा. 112 लावा, बॉम्बशोधक पथक पोलिसच बोलावतात.

हल्ली धमक्या ईमेलने जास्त येतात, त्यातलं मला फारसं कळत नाही. एवढं नक्की, की तो मेल पुसू नका आणि ग्रुपवर फिरवू नका, जसाच्या तसा पोलिसांना दाखवा. बहुतेक धमक्या पोकळ निघतात हेही खरं, पण ते कळतं तपासणीनंतर.

आणि रिसेप्शनवरच्या मुलीला कोणते प्रश्न विचारायचे ते आजच कागदावर लिहून द्या. ती बोलत असताना तिच्या हातातून फोन ओढू नका.